तंगूस सुटतं कसं, त्यावर काठी ठरते

पेडण्याहून एका वाचकाने विचारलं आहे: केरीच्या किनाऱ्यावर गरवायचा लांब रॉड आहे, मोठ्या कड्यांचा, खाली रीळ लटकवायचा. डिचोलीत वाळवंटीकाठी वापरतो ते वर बसणारं रीळ त्यालाच लावलं तर?

नको. रिळातून तंगूस कसं सुटतं, यावर सगळं अवलंबून आहे.

वर बसणाऱ्या रिळाचं स्पूल स्वतः फिरतं. फेकलेलं आमिष हवेत मंदावतं, स्पूल मात्र जडत्वाने धावत राहतं आणि सैल तंगुसाचा गुंता होतो. तो टाळायला अंगठा असतो, नाहीतर चुंबक. ही चुंबकाची युक्ती मला फार आवडते! ॲल्युमिनियमच्या स्पूलला चुंबक चिकटत नाही, पण स्पूल फिरू लागलं की त्यात विद्युतप्रवाहाचे भोवरे उठतात आणि वेग वाढेल तसा विरोध वाढतो. मात्र स्पूलला गती द्यायची तर आमिषाला वजन हवं.

खालच्या रिळात स्पूल स्थिर, तंगूस त्याच्या तोंडावरून वेटोळी घेत निघतं, धोट्यातल्या कांडीवरून सूत निघावं तसं. याचं पेटंट १९०५ मध्ये ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ यांनी घेतलं, आणि त्यांचा धंदा कापडाचाच होता. श्रेयही बहुधा त्यांनाच मिळतं. पण स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पीटर मॅलॉक यांनी १८८४ मध्येच फेकताना स्पूल आडवं वळवणारं रीळ केलं होतं. कल्पनेचा गाभा त्यांचा. अडचण एकच: आडव्या स्पूलवरून सुटताना प्रत्येक वेटोळ्यागणिक तंगुसाला पीळ पडे आणि सरळ गुंडाळताना तो उलगडत नसे. इलिंगवर्थच्या रिळात गुंडाळणारा हात स्पूलभोवती फिरतो, त्यामुळे पडलेला पीळ परत येताना निघून जातो. म्हणूनच चोणकासारखा मासा तंगूस ओढून नेत असताना हँडल फिरवू नये. तेव्हा नुसता पीळच चढतो.

आता काठी. वेटोळी आवरायला पहिली कडी मोठी आणि रिळापासून दूर लागते, पुढच्या कड्या लहान होत जातात. वरच्या रिळाच्या रॉडवर तंगूस सरळ जातं, तेव्हा कड्या लहान चालतात. पण त्या जास्त हव्यात, नाहीतर वाकलेल्या काठीच्या पाठीवर तंगूस घासतं. केरीचा रॉड उलटा धरून वरचं रीळ बसवलं, तर मोजक्या कड्यांमुळे नेमकं हेच होईल. खारफुटीच्या मुळांशी अचूक टाकायला मात्र अंगठ्याखालचं तेच रीळ उत्तम.

जाहिरातीत बेअरिंगांचे आकडे ठळक असतात. त्यांवरून ही जुळणी कळत नाही. त्यापेक्षा रॉडवर छापलेलं आमिषाचं वजन वाचा. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की तंगूस अडवत सोडणारा रिळाचा ब्रेक, तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश ठेवा. तेरेखोलच्या मुखाशी मोठा मासा लांब पळाला आणि स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास निम्मा झाला, तर न हलवलेला तोच ड्रॅग तंगुसावर दुप्पट ताण देतो. अशा वेळी तो थोडा सैल करा.