विश्लेषण : हातात शस्त्रच नाही, मग राक्षसासमोरून सुटायचे कसे? ‘ॲम्नेशिया’ गेम आजही का घाबरवतो?

गेममध्ये शत्रू दिसला की बोट आपोआप गोळी झाडायच्या बटणाकडे जाते. ‘ॲम्नेशिया : द डार्क डिसेंट’मध्ये ते बटणच नाही. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्स या छोट्या कंपनीने २०१० मध्ये हा गेम आणला. साल १८३९, प्रशियातला ब्रेनेनबर्ग किल्ला. डॅनियल जागा होतो तेव्हा त्याला फारसे काहीच आठवत नसते. सोबतीला एक कंदील, तोही तेल असेपर्यंतच.

शस्त्र का काढून घेतले?

याच कंपनीच्या ‘पेनम्ब्रा : ओव्हरचर’मध्ये (२००७) खेळाडूला हातोडा, कुदळ मिळायची. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘ब्लॅक प्लेग’मधून मारामारी काढून टाकली. कारण उघड आहे. हातोडा असला की डोके ‘मारायचे कसे’ यात गुंतते, नसला की ‘लपायचे कुठे’ यात. आणि जे मारता येते त्याची भीती दोन-तीन वेळा मारल्यावर ओसरतेच.

मग भीती येते कुठून?

अंधारात थांबले की डॅनियलचे मानसिक संतुलन ढळू लागते. दृश्य धूसर आणि वेडेवाकडे होते, दात खाल्ल्याचा आवाज येतो, पडद्यावर किडे फिरल्यासारखे दिसतात. मग उजेडात जावे, तर राक्षसाच्या नजरेला पडायचा धोका. त्याच्याकडे टक लावून पाहिले तरी संतुलन ढळतेच. म्हणजे ज्याच्यापासून वाचायचे, त्याच्यावर नजर ठेवायचीही सोय नाही. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पावलांचा आवाज लांब जायची वाट पाहायची.

कोडे सुटले की संतुलन सावरते, त्यामुळे कोडी टाळून चालत नाही. वाट अडवणारा चिवट थर विरघळवायचा तर आम्ल तयार करावे लागते आणि त्याची रसायने दारूच्या अंधाऱ्या तळघरात जाऊन शोधावी लागतात. दारही एका क्लिकवर उघडत नाही. माऊस धरून ते ओढावे किंवा ढकलावे लागते. मागे पावले वाजत असताना दार नेमके उलट दिशेला ओढले जाते, हे खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक असेल.

खरी चलाखी कोणती?

संतुलन पूर्ण गेले तरी खेळाडू मरत नाही. डॅनियल कोसळतो आणि थोड्या वेळाने उठतो. राक्षसाने मारले, तर पुढच्या खेपेला तो अनेकदा त्या जागी नसतोच. गेम चक्क खेळाडूला झुकते माप देतो! पण त्यात हिशेब आहे. एकाच जागी दहा वेळा मेले की भीती जाते आणि कंटाळा उरतो. राक्षस खरोखर किती धोकादायक आहे हे खेळाडूला कळू न देणे, हेच या गेमचे मोठे कसब, असे मला वाटते.

सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने गेमचा कोड जीपीएल परवान्याखाली खुला केला. चित्रे आणि आवाज त्यात नाहीत, त्यामुळे खेळण्यासाठी गेम विकत घ्यावाच लागतो. साध्या लॅपटॉपवरही तो चालतो. मात्र त्यात छळाचे प्रसंग आहेत, लहान मुलांच्या हाती देऊ नये.

याच मालिकेतल्या ‘द बंकर’मध्ये (२०२३) कंपनीने अखेर पिस्तूल दिले. पहिल्या महायुद्धातला फ्रेंच बंकर, मोजक्याच गोळ्या. त्या लागल्या तरी राक्षस मरत नाही, फक्त काही काळ मागे हटतो. विजेरीला दोरी ओढून चावी द्यावी लागते आणि तो खरखराट त्याला ऐकू जातो.

कोड वाचल्यावर भीती जाईल, असे मला वाटले होते. परवा रात्री हेडफोन लावून पुन्हा त्या पाणी साचलेल्या तळघरात उतरलो. तिथला राक्षस दिसत नाही, फक्त पाण्यावर पावलांचे शिंतोडे उडताना दिसतात. दुसऱ्या खोक्यावर उडी मारायच्या आधीच गेम बंद केला.