कागदाच्या कलाने

ब्रिटनमध्ये १८४० साली अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र एका पेनीत देशभर कुठेही पाठवण्याची सोय झाली आणि पत्रांचा पूर आला. ही व्यवस्था उभी करण्यात ज्यांचा हात होता, त्या हेन्री कोल यांच्याच दारात तीन वर्षांनी तो पूर येऊन थडकला. नाताळच्या शुभेच्छा एकेकाला स्वतंत्र पत्राने कळवायला त्यांना सवड नव्हती. मग त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, शिळाछापाने त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापल्या आणि त्या हाताने रंगवून घेतल्या. १८४३ च्या नाताळात एक शिलिंगला विकले गेलेले हे कार्ड पहिले व्यावसायिक नाताळकार्ड मानले जाते.

म्हणजे या कार्डाचा जन्मच मुळी हाताचे श्रम वाचवण्यासाठी झाला. आज मात्र ब्रिटन-अमेरिकेत हजारो हौशी मंडळी पानगळ सुरू झाली की पोलादी डाय, रबर स्टॅम्प आणि इंक पॅड घेऊन टेबलाशी बसतात आणि हातानेच कार्डे करतात. त्यांच्या चर्चेत नक्षी आणि रंगसंगतीचा विषय जेवढा असतो, तेवढाच तक्रारींचाही: डाय अर्धवटच कापतो, घडीवर कागद फुटतो, शाई पसरते, लाल-हिरवा मिसळून चिखल होतो. या सगळ्या तक्रारींचे मूळ एकाच ठिकाणी सापडते. कागद आपल्याला सपाट, एकजिनसी पत्र्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो सेल्युलोजच्या तंतूंचा गुंता असतो. या तंतूंना दिशा असते, ताकद असते आणि पाण्याची ओढ असते. कार्ड कसे होणार, हे बरेचसे तेच ठरवतात.

दाबाचे गणित

हिमकणाची किंवा सूचिपर्णी झाडाची नाजूक आकृती कागदातून कापून काढणारा डाय म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीची पोलादी चकती. तिच्यावर आकृतीच्या कडेकडेने धार उभी असते. एवढी बारीक धार हत्याराने कोरून काढणे परवडत नाही, म्हणून रसायनाकडून काम करून घेतात. पत्र्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर चढवतात, नक्षीच्या फिल्ममधून अतिनील प्रकाश टाकतात आणि मग फेरिक क्लोराइडसारखे द्रावण उघड्या राहिलेल्या धातूला खाऊन टाकते. झाकलेला भाग धार म्हणून वर उरतो.

आता हिशेब पाहू. समजा धारेची रुंदी एक दशांश मिलिमीटर आहे आणि तिच्या एक सेंटिमीटर लांबीवर दहा किलोचा भार पडतो. त्या धारेचे क्षेत्रफळ भरते एक शतांश चौरस सेंटिमीटर. दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला एक हजार किलो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास हजारपट. तोच दहा किलोचा भार शंभर चौरस सेंटिमीटरच्या तळहातावर पसरला तर दाब दहा हजारपटीने कमी होतो. कागद कापतो तो भारामुळे नव्हे, तो भार किती अरुंद जागेत एकवटला आहे त्यामुळे.

तरीही संपूर्ण डाय एकदम दाबायचा म्हटला, तर धारेची सगळी लांबी मिळून काही टनांचा भार लागेल. घरगुती यंत्रात ही अडचण रुळांनी सोडवली आहे. खाली एक पाटी, त्यावर कागद आणि डाय, वर दुसरी पाटी असा थर रसवंतीच्या चरकात ऊस घालावा तसा दोन रुळांमधून हाताच्या दांड्याने फिरवत नेतात. कोणत्याही क्षणी रुळाखाली फक्त एक अरुंद पट्टा असतो, त्यामुळे धारेचे मोजकेच बिंदू एका वेळी कापायचे असतात. पाट्या पॉलिकार्बोनेटसारख्या चिवट प्लास्टिकच्या असतात. धार त्यांच्यात किंचित रुतते, म्हणून कागद शेवटच्या तंतूपर्यंत कापला जातो.

यावरून सरावलेल्या मंडळींची एक युक्तीही उलगडते. चौकोनी डाय पाटीवर सरळ न ठेवता थोडा तिरका ठेवतात. सरळ ठेवला तर रुळाला समांतर असलेली अख्खी बाजू एकाच क्षणी रुळाखाली येते, दांडा अडतो आणि मधला भाग कापायचा राहतो. तिरका ठेवला की तीच बाजू टोकाकडून टोकाकडे थोडी थोडी कापली जाते. कात्रीची पातीही असाच एकेक बिंदू कापत पुढे सरकतात. एवढे करूनही एखादा कोपरा कापला गेला नाही, तर त्या जागी पाटीखाली साध्या कागदाचा तुकडा सरकवतात. साध्या कागदाची जाडी असते मिलिमीटरच्या एक दशांशाइतकी. तेवढ्या फरकानेही काम होते, यावरून या यंत्रातली मापे किती काटेकोर असतात ते कळते.

कागद साच्याने कापण्याच्या या तंत्राच्या इतिहासात एका अपघाताचाही वाटा आहे. १८७९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात बियाण्यांच्या पिशव्या छापल्या जात होत्या. घडी पाडण्यासाठी लावलेली धातूची पट्टी जागची सरकली आणि पिशव्यांना घडी पडण्याऐवजी त्या कापल्या गेल्या. कापणे आणि घडी पाडणे ही दोन्ही कामे एकाच दाबात होऊ शकतात, हे गेअर यांनी त्यातून ओळखले. घडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा उद्योग पुढे यातून वाढला. आपल्याकडे छापखान्यात लग्नपत्रिकांना खिडकी किंवा कमानीचा आकार देतात तो याच पद्धतीने. प्लायवूडमध्ये पोलादी पट्ट्या बसवलेला डाय असतो, कापायच्या पट्ट्यांना धार असते आणि घडीच्या पट्ट्या बोथट असतात.

तंतूंची दिशा

यंत्रावर कागद तयार होतो तेव्हा लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि बरेचसे तंतू जाळीच्या धावण्याच्या दिशेने लोळतात. त्या दिशेला कागद ताठ असतो, आडव्या दिशेला लवचीक. ताठपणातला हा फरक सहज दुपटीच्या घरात जातो. कार्डाची घडी तंतूंना समांतर असेल तर ती नेटकी बसते. तंतूंना आडवी घातली तर तंतू तुटतात आणि घडीवर पांढरी, खरबरीत चीर दिसते. गडद लाल किंवा हिरव्या कागदाचा रंग फक्त पृष्ठभागावर असेल, तर ही चीर जास्तच डोळ्यांत भरते.

दिशा ओळखायला उपकरण लागत नाही. कागद न मोडता आधी लांबीत आणि मग रुंदीत हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या वाकाच्या रेषेला तंतू समांतर असतात. कागदाच्या तुकड्याची एक बाजू ओली केली तरी उत्तर मिळते. पाणी मुरले की तंतू जाडीत खूप फुगतो, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही. म्हणून ओला तुकडा गुंडाळी होऊन वळतो आणि गुंडाळीचा अक्ष तंतूंची दिशा सांगतो. पातळ पांढऱ्या गोंदाने मोठा कागद चिकटवला की कार्ड वाकडे होते त्याचे कारणही हेच. अशा ठिकाणी दुहेरी चिकटपट्टी बरी, कारण तिच्यात पाणी नसते.

अडीचशे ते तीनशे जीएसएमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या) जाड कागदाला घडी घालण्याआधी बोथट हत्याराने खाच पाडावी लागते. या दाबाने कागदाच्या आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि मागच्या बाजूला बारीक उंचवटा येतो. घडी घालताना हा उंचवटा आतल्या बाजूला यायला हवा. पुष्कळ जण खाच आत ठेवून दुमडतात आणि मग बाहेरचे तंतू नाहक ताणले जाऊन तुटतात.

हातकागदाची तऱ्हा वेगळी. पुण्यात १९४० पासून हातकागद बनवणारी संस्था आहे. तिथल्यासारखा सुती चिंध्यांचा कागद साच्यात हाताने हलवून धरला जातो, त्यामुळे तंतू सगळ्या दिशांना विखुरतात. हा कागद कोणत्याही बाजूने सारखाच वाकतो. मात्र सुती तंतू लांब आणि चिवट असल्याने नाजूक नक्षीचा डाय त्यावर स्वच्छ कापत नाही, कडांना कुसळे राहतात. त्यावर ठसठशीत, मोठे आकारच शोभतात.

शाई कुठे थांबते

इंक पॅडमधली शाई मुख्यतः दोन जातींची. पहिलीत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. तो पाण्याबरोबर तंतूंच्या फटींत शिरतो आणि क्षणात वाळतो. दुसरीत रंगद्रव्याचे न विरघळणारे सूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. ते आत न शिरता वरच्या तंतूंवर अडकून बसतात. म्हणून विरघळलेली शाई पारदर्शक दिसते आणि खालच्या कागदाचा रंग तिच्यातून डोकावतो, तर कणांची शाई अपारदर्शक असते. काळ्या कागदावर पांढरा बर्फ उमटवायचा तर दुसरीच हवी. प्रकाशात टिकण्याच्या बाबतीतही बहुधा कणांची शाई वरचढ ठरते. सुट्या रेणूवर प्रकाशाचा थेट मारा होतो, कणाच्या पोटातले रेणू मात्र झाकलेले राहतात.

शाई किती पसरेल हे कागदाच्या खळीवर ठरते. कागद बनवताना त्यात किंवा त्यावर खळ देऊन तंतूंची तहान कमी करतात. टिपकागदाला खळ नसते, म्हणून तो शाई पिऊन टाकतो. जलरंगाच्या कागदाला खळ भरपूर असते, त्यामुळे रंग वरच राहून हळूहळू मिसळतो. ब्रशने शाईच्या छटा एकमेकींत विरवत आकाश रंगवायचे असेल तर गुळगुळीत आणि नीट खळ दिलेला कागद निवडावा.

अमेरिकेतल्या रेंजर कंपनीने टिम होल्ट्झ यांच्या नावाने २०१७ मध्ये आणलेल्या डिस्ट्रेस ऑक्साइड शाईत या दोन्ही जाती एकत्र केल्या आहेत. त्यावर पाण्याचे थेंब शिंपडले की विरघळणारा रंग थेंबाबरोबर कडेला सरकतो, कण मात्र जागेवर राहून खडूसारखा फिकट डाग देतात. हिमवर्षावाचा परिणाम आयताच मिळतो. शाळेत टिपकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईतून निळा आणि जांभळा वेगळा होताना अनेकांनी पाहिला असेल. पाणी सरकताना रंगांना वेगवेगळ्या वेगाने ओढून नेते, हे तत्त्व दोन्हीकडे समान. या विभाजन पद्धतीला पक्के रूप देणाऱ्या आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांना १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते.

नाताळचे दोन लाडके रंग, लाल आणि हिरवा, एकमेकांचे वैरी. लाल शाई प्रकाशातला निळा आणि हिरवा भाग शोषून घेते, हिरवी शाई लाल आणि निळा. दोन्ही एकावर एक आल्या की परत फिरायला फारसा प्रकाशच उरत नाही आणि डोळ्यांना मातकट तपकिरी दिसतो. उपाय सोपा: दोघांमध्ये कोरी जागा ठेवा किंवा पिवळ्याचा पट्टा घाला. पिवळा लालाशी मिळून नारिंगी होतो आणि हिरव्याशी मिळून पोपटी, दोन्ही छटा स्वच्छ राहतात.

गरम हवेची कमाल

कार्डावरची चकचकीत, हाताला लागणारी सोनेरी अक्षरे उष्णतेने उठाव देऊन करतात. स्टॅम्पवर ग्लिसरिनसारखा घटक असलेली, सावकाश वाळणारी शाई घेतात. ग्लिसरिन सहज उडून जात नाही, उलट हवेतला ओलावा धरून ठेवते. त्या ओल्या ठशावर प्लास्टिकसारख्या रेझिनची पूड भुरभुरतात, जादा पूड झटकतात आणि हीट गनने तापवतात. कण वितळले की पृष्ठताणामुळे त्यांच्यातल्या फटी बुजतात आणि आरशासारखी सपाटी येते. केस वाळवण्याच्या ड्रायरने हे साधत नाही. त्याची हवा पुरेशी गरम नसते, शिवाय झोतही एवढा असतो की पूड वितळण्याआधीच उडून जाते.

गोवा, वसई, मुंबईसारख्या किनारी भागात ही पूड नको तिथेही चिकटते, कारण दमट हवेतला ओलावा कागदाने आधीच शोषलेला असतो. त्यासाठी ठसा उमटवण्यापूर्वी कागद काही सेकंद गरम हवेने वाळवावा आणि त्यावरून टाल्कम पावडरीची पुरचुंडी हलकेच फिरवावी. कोरड्या हवेत त्रास असतो तो स्थिर विद्युतभाराचा. तिथेही हीच पुरचुंडी उपयोगी पडते.

टिकाऊ की टाकाऊ

अनेक जुनी कार्डे आज पिवळी, ठिसूळ झालेली दिसतात. दोष काळाचा थोडा आणि रसायनांचा जास्त. १८०७ मध्ये मोरिट्झ इलिग यांनी राळ आणि तुरटीची खळ प्रसिद्ध केली. ती स्वस्त होती, म्हणून सर्वत्र पसरली. पण तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होते आणि ते सेल्युलोजच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत राहते. त्यात कच्च्या लाकूडलगद्यातले लिग्निन उजेडात पिवळे पडते. आज दुकानात आम्लमुक्त कागद मिळतो, थोडे जास्त पैसे पडले तरी तोच घ्यावा.

चमकीबाबत मात्र हात आखडता घेतलेला बरा. ती बहुधा प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर देऊन बारीक कापलेली असते. रद्दीचा पुन्हा लगदा करताना ती त्यातून वेगळी होत नाही आणि नाल्यातून थेट नदी-समुद्रात जाते. युरोपीय महासंघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर निर्बंध लागू केले आहेत.

यंदा घरी कार्ड करायला घ्याल तर यंत्र आणि डायच्या किमतींची चौकशी नंतर करा. पहिल्यांदा कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाकवून पाहा, एका कोपऱ्यावर शाईचा थेंब टाकून तो किती पसरतो ते तपासा, आणि घडीची दिशा ठरल्यावरच कापायला बसा. या चाचण्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत. महागातला डाय चुकीच्या कागदावर फुकट जातो. तंतूंची दिशा ओळखून निवडलेल्या साध्या कार्डशीटवर घरातल्या कात्रीनेही देखणे कार्ड होते.