बिनतारी जाळे आणि शेवटचे घर

'नेट' हा शब्द आज खेड्यापाड्यांतील आजीबाईंच्याही तोंडी रुळला आहे. ते असते तेव्हा त्याची आठवण कोणाला होत नाही. गेले की मात्र आपण घर डोक्यावर घेतो. परंतु ते आपल्या दारापर्यंत कसे येते, कोण आणते आणि आणणाऱ्याला त्यासाठी कोणकोणती गणिते सोडवावी लागतात, याचा विचार सहसा केला जात नाही. माझे मामा खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात अशा सेवेचे एक लहानसे जाळे चालवितात. गेली तीन वर्षे सुट्टीच्या दिवसांत मी त्यांच्या हाताखाली काम करीत आहे. वर्गात शिकलेले पदार्थविज्ञान आणि टेकडीवरचा लोखंडी टॉवर यांची सांगड मला तेथेच घालता आली. त्या अनुभवाच्या आधारे या विषयाची तोंडओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम या जाळ्याची रचना पाहू. शहरापर्यंत इंटरनेट काचतंतूंच्या केबलमधून येते. पुढे मात्र जंगल, ओढे, खोल दऱ्या आणि विखुरलेल्या वाड्या. दहा घरांच्या वाडीसाठी पाच-सहा किलोमीटर चर खणून केबल टाकणे कोणासही परवडत नाही. अशा ठिकाणी लहान सेवादार शहरात घाऊक भावाने इंटरनेट विकत घेतो, डिश अँटेनाच्या साहाय्याने ते एखाद्या उंच टेकडीवर पोहोचवितो आणि तेथून रुंद तोंडाच्या अँटेनांनी भोवतालच्या गावांवर पसरवितो. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कौलांवर किंवा स्लॅबवर एक छोटी डिश टेकडीकडे तोंड करून बसविलेली असते. हा धंदा करण्यास सरकारी परवाना लागतो. मात्र ज्या लहरींवर हे काम चालते, त्यांचा काही भाग आपल्या देशात सर्वांस खुला आहे. २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा बराच मोठा पट्टा, ठरावीक शक्तीच्या मर्यादेत, परवान्यावाचून वापरण्यास मोकळा झाला. कोट्यवधी रुपयांच्या लिलावात न उतरता सामान्य माणसाला हे काम करता येते ते यामुळेच. हिमाचल प्रदेशात धर्मशाळेच्या डोंगराळ भागात 'एअरजल्दी' या जाळ्याने २००५ च्या सुमारास हीच वाट धरली. तामिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने अशाच बिनतारी दुव्यांवरून खेड्यांतील नेत्रकेंद्रे आपल्या डॉक्टरांशी जोडली, आणि खेड्यातल्या रुग्णाची तपासणी डॉक्टर रुग्णालयात बसून करू लागले.

आता थोडे पदार्थविज्ञान. अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती चौथाईवर येते, हा नियम आपण प्रकाशाच्या धड्यात शिकतो. तो येथेही लागू पडतो. चांगल्या जोडणीत घरावरच्या डिशला मिळणारी शक्ती एका वॅटचा सुमारे एक अब्जांश भाग एवढीच असते! तेवढ्यावर काम उत्तम चालते. परंतु ती आणखी शंभर पटींनी घटली की जोडणी रखडू लागते. म्हणून टेकडीवरचा टॉवर घरावरून नुसता दिसून भागत नाही. लहर म्हणजे ताणलेली दोरी नव्हे. मध्यभागी फुगलेल्या काकडीच्या आकाराएवढी जागा तिला लागते. या जागेला शास्त्रज्ञाच्या नावावरून 'फ्रेनेल क्षेत्र' म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीसाठी १० किलोमीटरच्या दुव्यात मधोमध या क्षेत्राची त्रिज्या सुमारे ११ मीटर भरते. तिच्यापैकी निदान ६० टक्के, म्हणजे जवळजवळ ७ मीटर, जागा मोकळी असावी लागते. दुर्बिणीतून टॉवर स्वच्छ दिसत असूनही नेट का येत नाही, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा या काकडीत शिरलेल्या झाडाच्या शेंड्यात सापडते.

आमच्या भागात या नियमाला सागाने एक पुरवणी जोडली आहे. साग उन्हाळ्याआधीच पाने गाळतो. मार्च महिन्यात नुसत्या काटक्यांतून आरपार जोडणी करावी, ती झकास चालावी आणि आषाढात साग हिरवागार झाला की ती बंद पडावी, असा प्रकार होतो. पाण्याने भरलेली ओली पाने लहरी शोषून घेतात. लोक म्हणतात, "पाऊस आला, नेट गेले." वास्तविक ५ गिगाहर्ट्झच्या लहरीला पावसाच्या थेंबांचा अडथळा अगदी किरकोळ असतो; तो जाणवू लागतो साधारण १० गिगाहर्ट्झच्या पुढे. मामांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत सांगतो : "अरे, पाऊस बघून नेट जात नाही रे, पान बघून जातंय." पान नसेल तर मग जोडणीच्या सांध्यात शिरलेले पाणी, आणि तेही नसेल तर वीज.

विजेचा प्रश्न तर रोजचाच. टेकडीवर तीन-चार रेडिओ आणि एक स्विच मिळून ४० वॅटच्या आसपास वीज खातात, म्हणजे घरातल्या एका जुन्या बल्बाएवढी. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी १८०० वॅट-तास साठविते. परंतु शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरविली तर लवकर निकामी होते. तेव्हा हाती उरतात ९०० वॅट-तास, म्हणजे सुमारे बावीस तास. पावसाळ्यात झाड पडून तार तुटली आणि दुरुस्तीला दोन दिवस लागले की हे गणित संपते, आणि मग पाठीवर दुसरी बॅटरी घेऊन टेकडी चढणे आले. शिवाय वळिवाच्या दिवसांतील आकाशातील विजेची धास्ती वेगळीच. अर्थिंग चोख नसेल तर एकाच कडकडाटात टॉवरवरची सारी सामग्री जळून जाते.

येथवरच्या अडचणी डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. खरी अडचण मात्र दिसत नाही. आपण गिऱ्हाइकाला नेमके काय विकतो? 'वेग' असे कोणीही सांगेल. मला वाटते, आपण हवेतील वेळ विकतो.

एका टॉवरच्या अँटेनाखाली समजा चाळीस घरे आहेत. ही सारी घरे एकाच लहरीवर बोलतात, आणि एका क्षणी एकानेच बोलायचे असते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे वाया जाते. या प्रश्नाशी पहिली झुंज हवाई बेटांवर झाली. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली 'अलोहानेट' हे बिनतारी संगणक-जाळे सुरू केले. त्याचा नियम साधा होता : ज्याला बोलायचे त्याने बोलावे, टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा बोलावे. गणिताने असे दिसून आले, की या स्वैर पद्धतीत हवेतील फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. पुढे वाय-फायमध्ये 'आधी ऐका, मग बोला' हा शिष्टाचार आला. पण टेकडीच्या दोन अंगांना असलेल्या वाड्यांना एकमेकींचे बोलणे ऐकूच येत नाही. दोघींचे ऐकतो तो टॉवर. म्हणून चांगल्या जाळ्यात टॉवरच प्रत्येक घराला पाळी नेमून देतो. कालव्याच्या पाण्याची पाळी असते तशीच ही पाळी.

आणि येथेच खरी मेख आहे. ज्या घरी सिग्नल जोरदार, ते घर आपले काम झटपट उरकते. ज्या घरी तो क्षीण, त्याला तेच काम सावकाश, पुन्हा पुन्हा बोलून करावे लागते. समजा, एका चांगल्या घराची जोडणी सेकंदाला ६० मेगाबिट वाहते आणि एका दुबळ्या घराची ६. दोघांनाही ६० मेगाबिटांची तेवढीच चित्रफीत हवी आहे. पहिल्याला हवेतील एक सेकंद पुरतो. दुसऱ्याला दहा लागतात. चार चांगली घरे मिळून चार सेकंदांत मोकळी होतात. पाचवे दुबळे घर आले की तोच फेरा चौदा सेकंदांचा होतो. गावच्या विहिरीवर एकच पोहरा असावा आणि एकाची घागर फुटकी असावी, तशी ही स्थिती. फुटक्या घागरीवाल्याची काहीच चूक नसते; पण रांग मात्र सगळ्यांची लांबते.

या रांगेचे दुसरेही एक गणित आहे. चाळीस घरांना प्रत्येकी १० मेगाबिटांचा वेग देऊ केला तर एकूण ४०० होतात. सेवादार मात्र शहरातून घेतो १००. ही फसवणूक आहे काय? नाही. सारीच घरे एकाच क्षणी नळ पूर्ण उघडीत नाहीत, या भरवशावर सगळ्याच सेवा चालतात. रात्री आठ ते दहा हा गर्दीचा काळ सांभाळला की झाले. हा भरवसा २०२० साली ढासळला. मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली, त्यानंतर शाळा-महाविद्यालयांचे वर्ग मोबाइलवर भरू लागले, आणि सकाळी दहाच्या ठोक्याला प्रत्येक घरातील मूल एकदमच पडद्यासमोर बसू लागले. तोपर्यंत मुख्यतः टॉवरकडून घराकडे वाहणारे पाणी आता घराकडून टॉवरकडेही वाहू लागले. मी स्वतः त्या वेळी शाळेत होतो. मामांच्या फोनवर दिवसभर मराठीत 'नेट येईना' आणि कन्नडमध्ये 'नेट बरवल्दु' अशा तक्रारी चालत. दोन भाषांतील दुःख मात्र एकच!

आता शेवटच्या घराकडे वळू. गेल्या वर्षी एका वाडीच्या टोकाला, दाट झाडीमागे राहणाऱ्या कुटुंबाने जोडणी मागितली. मुलगी पदवीपूर्व वर्गात शिकणारी; शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठीही तिला रस्त्यापर्यंत चालत यावे लागे. आम्ही डिश लावून पाहिली. सिग्नल आला, पण अगदी क्षीण. जोडून दिले असते तर तिचे काम कसेबसे चालले असते आणि त्या अँटेनावरील बाकीची सारी घरे संथ झाली असती. मामा म्हणाले, "त्या पोरीला नको म्हणून कसं चालंल? पण आत्ताच जोडलं तर बाकीच्यांचं काय करायचं, सांग की."

उपाय होता : मध्ये एका घराच्या स्लॅबवर खांब उभारून लहर वळवून द्यायची. दोन रेडिओ, खांब, बॅटरी आणि केबल मिळून खर्च १८ हजार रुपये. घराचे मासिक शुल्क ४०० रुपये. त्यातून घाऊक इंटरनेट आणि देखभाल वजा जाता हाती राहतात सुमारे १५० रुपये. म्हणजे एका घरासाठी ही रक्कम फिटण्यास १२० महिने, पुरी दहा वर्षे लागणार! तेवढे त्या सामग्रीचे आयुष्यच नाही. तीच सहा घरे झाली तर वीस महिन्यांत वसूल. मामांनी तीन महिने त्या वाडीच्या चकरा मारल्या. मधल्या घरच्या काकूंनी विजेच्या बदल्यात फुकट जोडणी घेण्याचे कबूल केले. आणखी पाच घरे तयार झाली. मगच खांब उभा राहिला. या साऱ्या खटाटोपात लहरींचे शास्त्र एका दुपारचे होते, उरलेले तीन महिने माणसांचे होते.

परंतु या गणिताला दुसरी बाजूही आहे. मुख्य रस्त्यालगतच्या गावात आता मोठ्या कंपनीची केबल आली. ती अधिक वेगवान आहे. तेथील घरे तिकडे वळली, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पण टेकडीवरची बॅटरी, भाडे आणि देखभाल यांचा महिन्याचा ९ हजारांचा खर्च काही कमी झाला नाही. साठ घरांत तो प्रत्येकी १५० रुपये पडत होता. तीस घरे राहिली की ३०० पडतो. आजवर जवळची घरे नकळत लांबच्या घरांचा भार वाहत होती. ती गेली की भार उरतो तो ज्यांना दुसरा मार्गच नाही त्यांच्यावर.

देशपातळीवर हे तत्त्व सरकारने केव्हाच मान्य केले आहे. शहरात कमावणाऱ्या दूरसंचार कंपन्यांच्या महसुलाचा काही भाग घेऊन तो ग्रामीण सेवेसाठी वापरण्याचा निधी २००२ साली सुरू झाला. २०२३ च्या कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. त्याच निधीतून ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली आणि पुढे 'भारतनेट' म्हणून ओळखली जाऊ लागली. योजना स्तुत्य आहे. मात्र पंचायतीच्या कार्यालयापासून वाडीतील शेवटच्या घरापर्यंतचे चार किलोमीटर उरतातच. ते चार किलोमीटर ओलांडण्याचे काम लहान बिनतारी जाळी करू शकतात. टेकडीवरच्या टॉवरच्या खर्चाला या निधीचा थोडासा हातभार लागला, तर शेवटच्या घराचे दर वाढविण्याची वेळ येणार नाही, असे मला वाटते.

आपल्या महाविद्यालयातील कितीतरी विद्यार्थी अशाच वाड्यांतून येतात. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे लहरींचे गणित आहे, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला खर्चाचे, आणि ज्याला मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत चार घरांना एकत्र बसवून बोलता येते, त्याला तर सर्वांत मोठे काम आहे. आपल्या घरी नेट संथ झाले तर रागावण्यापूर्वी एकदा विचारून पाहावे, की आपल्याच अँटेनावर आणखी कोण पाळीची वाट पाहत आहे. बहुधा ते झाडीमागचे एखादे घर असेल, आणि त्याला हवा असेल तो मध्ये उभा केलेला एक खांब.