उपेक्षा, अपेक्षाभंग आणि अस्वस्थता

चित्रपट पाहावा आणि मग त्याविषयी बोलावे, हा फिल्म सोसायट्यांचा प्रघात आहे. बंगळूरची 'सुचित्रा फिल्म सोसायटी' १९७१ साली याच परंपरेत स्थापन झाली. रसिकांच्या अशा चर्चेत तीन अभिप्राय हमखास ऐकू येतात : अमुक चित्रपट उपेक्षित राहिला, अमुक चित्रपटाने अपेक्षाभंग केला, अमुक चित्रपटाने अस्वस्थ केले. हे तिन्ही एकाच मापाचे मानले जातात. वस्तुतः पहिला अभिप्राय समाजाविषयी आहे, दुसरा प्रेक्षकाच्या पूर्वकल्पनेविषयी, आणि तिसराच काय तो कलाकृतीच्या परिणामाविषयी.

उपेक्षेचे मराठीतील उदाहरण म्हणजे 'सामना'. जब्बार पटेल दिग्दर्शक, विजय तेंडुलकर पटकथाकार. तरीही प्रारंभी प्रतिसाद थंडच होता. १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवासाठी निवड झाल्यावर त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली. चित्रपट तोच होता. बदलला तो समाज.

उरलेल्या दोन अभिप्रायांसाठी कन्नड 'संस्कार' (१९७०) उद्‌बोधक ठरतो. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या १९६५ च्या कादंबरीवरून पट्टाभिराम रेड्डी यांनी तो दिग्दर्शित केला. प्राणेशाचार्यांची भूमिका गिरीश कार्नाड यांची. कादंबरीतील आचार्यांचे दीर्घ आत्मचिंतन पडद्यावर शोधणाऱ्या वाचकाचा अपेक्षाभंग होणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे मोजपट्टी कादंबरीची असते, चित्रपटाची नव्हे.

अस्वस्थतेचा प्रश्न अधिक गहन आहे. जातिव्यवस्थेवरील टीकेमुळे तणाव वाढेल या भीतीने मद्रासच्या सेन्सॉर मंडळाने या चित्रपटास मनाई केली. पुढे केंद्र शासनाने ती उठविली आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला. जी शक्ती प्रथम दोष ठरली, तीच नंतर गुण ठरली.

या शक्तीचे स्वरूप काय? माध्व ब्राह्मणांच्या अग्रहारात आचारभ्रष्ट नारणप्पा मरण पावतो. त्याला कधी बहिष्कृत केलेले नसते. म्हणून अंत्यसंस्कार कोणी करावा, याचे उत्तर आचार्यांना शास्त्रात सापडत नाही. प्रेत कुजत राहते. रसशास्त्राच्या दृष्टीने कुजणारे प्रेत हा जुगुप्सेचा विभाव, आणि रस बीभत्स. पण जुगुप्सा साधारणीकरणाने आस्वाद्य होते, शमते. येथील अस्वस्थता शमत नाही. कारण ती प्रेतामुळे निर्माण होत नाही, निर्णय देऊ न शकणाऱ्या धर्मज्ञानामुळे होते. प्रेताला अग्नी मिळाला तरी आचार्यांचा प्रश्न जळत नाही.

म्हणून किळस आणि अस्वस्थता यांतील भेद समीक्षेने काटेकोरपणे जपला पाहिजे. 'अस्वस्थ करणारा' हा शब्द रसिक प्रशंसेसाठी वापरतो आणि नियंत्रक मनाईसाठी. रसिकानेच तो सैलपणे वापरला, तर मनाईचे समर्थन त्याच्याच शब्दांत तयार होते.