ग्रुपवर म्हणतात "दीड कोटीला गेला". मग जुन्या फ्लॅटचा खरा भाव कुठे बघायचा?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडतो, "बी विंगमधला टू बीएचके दीड कोटीला गेला." संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीचा रेट ठरलेला असतो. पण दीड कोटी मागितले होते की मिळाले, हे कुणीच विचारत नाही.

पुण्यातल्या कोथरूडची आयडियल कॉलनीच घ्या. 6 मार्च 2022 ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली आणि कॉलनीच्या नावाचं स्टेशनच आलं. आता स्टेशन जवळ म्हटल्यावर मालक आकडा वाढवून सांगणारच. त्यात अशा छोट्या भागात विकणारे मोजके, त्यामुळे एकाने सांगितलेला आकडा सगळ्यांचा होऊन बसतो.

खरा आकडा बघायचा असेल तर इंडेक्स टू बघा. खरेदीखताची नोंदणी झाली की त्याचा सारांश यात येतो. नोंदणी कायदा 1908 च्या कलम 57 प्रमाणे तो कुणालाही पाहता येतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकायचा. (साइट मधूनच झोपते. धीर धरा.)

इथे बरेच जण फसतात. इंडेक्स टूमध्ये "मोबदला" आणि "बाजारभाव" असे दोन आकडे असतात. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरने काढलेली सरकारी किंमत. व्यवहार कितीला झाला, ते मोबदल्यात दिसतं. अर्थात कुणी टेबलाखालून रोख दिली असेल, तर ती इथे दिसणार नाही.

दुसरा घोळ क्षेत्रफळाचा. समजा फ्लॅट 90 लाखांना गेला. बिल्टअप 750 चौरस फूट धरलं तर रेट 12 हजार. कार्पेट 600 धरलं तर 15 हजार. फ्लॅट तोच! जुन्या करारांमध्ये बऱ्याचदा बिल्टअपच लिहिलेलं असतं, त्यामुळे तुलना करताना दोन्हीकडे एकच माप धरा.

एवढी उठाठेव कशाला? कारण बँक ग्रुपवरच्या मेसेजवर कर्ज देत नाही. समजा तुम्ही 1 कोटी 20 लाखांना सौदा केला आणि बँकेच्या व्हॅल्युअरने किंमत 1 कोटीच धरली. 75 टक्क्यांच्या हिशेबाने कर्ज 75 लाख. उरलेले 45 लाख खिशातून, वर पुण्यात 7 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे अजून 8 लाख 40 हजार.

नुकसान विकणाऱ्याचंही होतं. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारे आजी-आजोबा गुडघ्यांमुळे घर विकायला काढतात आणि ऐकीव दीड कोटीची वाट बघत दोन वर्षं जिने चढत राहतात.

आणि एजंट "रीडेव्हलपमेंट होणारच आहे" म्हणत भाव चढवत असेल, तर आधी विचारा की जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का. कन्व्हेयन्स झालेलं नसेल, तर त्या बोलण्याचे जादा पैसे देऊ नका.