दिवटीच्या उजेडात साठचं शटर

सोलापुरातल्या एका स्टुडिओच्या काचेआड नवरा-नवरीच्या रंगीत फोटोंमध्ये एक गोंधळी दिसला. कपाळावर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ आणि चेहऱ्याची एकच बाजू उजळलेली. फोटोत दिवटी नव्हती, तरी ती जवळच आहे हे कळत होतं. तो फोटो काढणाऱ्याबरोबर बार्शी तालुक्यातल्या एका घरच्या गोंधळाला गेले ती त्यामुळे.

त्यांच्या पिशवीत दोनच लेन्स. एक कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५, दुसरी ५० एमएमची, १.८ अ‍ॅपर्चरची. पहिली ५५ वर नेली की ५.६ पलीकडे उघडत नाही; दुसरी तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. घरच्यांचे ग्रुप फोटो त्यांनी पहिलीवर, फ्लॅश मारून, संध्याकाळीच उरकले. चौक मांडला, पाच ऊस उभे करून बांधले, घट बसला. दिवटी पेटली तसा फ्लॅश पिशवीत गेला.

“साठच्या खाली जायचं नाही,” ते म्हणाले. साठ म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. शटर त्याहून मंद झालं की संबळ वाजवणाऱ्याचा हात दिसत नाही, नुसता धूर दिसतो. साठलाही संबळाची काडी पुसट होतेच, पण मनगट टिकतं. आयएसओ ३२०० च्या वर नेला तर त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात काळ्या भागात दाणे उठतात. थोडक्यात साठ ठरलेला, १.८ ठरलेलं, ३२०० ठरलेला. उरतं ते माणसाचं आणि दिवटीचं अंतर. दोन हातांवरचा चेहरा चार हातांवर गेला की त्याच्यावरचा उजेड चौथाईवर येतो. म्हणून गोंधळी नाचत फिरू लागले, तसे हेही दिवटीवाल्याच्या पायांकडे लक्ष ठेवून गुडघ्यांवर सरकत राहिले.

फोकस हे खरं कष्टाचं काम. एवढ्या जवळून १.८ ला अर्धी वीतच जागा धारदार येते. डोळा साधला तर कान सुटतो. अंधारात लेन्स चेहऱ्यावर भरकटते, कवड्यांच्या पांढऱ्या कडेवर मात्र पटकन बसते. ते कवडीवर फोकस धरत आणि मग कमरेतून किंचित झुकून डोळा गाठत. रंगासाठी कॅमेरा तीन हजार केल्विनवर. ज्योतीचा उजेड त्याच्याही खाली, साधारण एकोणीसशेवर असतो, त्यामुळे तिचा पिवळेपणा फोटोत राहतो.

सगळ्यात जास्त वाट ते तेलाच्या बुधलीची बघत होते. दिवटीवर तेल ओतलं की जळक्या कापडाचा वास येतो आणि ज्योत क्षणभर फुलते. त्या दोन-तीन सेकंदांत गोंधळ्यांच्या नायकाच्या भुवईखालचा घाम, मळवटातली भेग, संबळाच्या कातड्यावरचा डाग, सगळं उघडं पडतं. बुधली कलली की त्यांचा श्वास थांबे. साठला तीन-चार फोटो, मग पुन्हा वाट.

आख्यान रंगात आलं आणि घरातल्या एका पाहुण्याने व्हिडिओसाठी एलईडी लाइट लावली. मांडव पांढराफटक झाला. दिवटी जळत होती, पण तिचा उजेड कुणाच्याच तोंडावर नव्हता. “दाजी, तेवढी भिंतीकडं फिरवा की,” यांनी हात जोडून सांगितलं. दाजींनी फिरवली.

५० मध्ये अख्खा चौक मावत नाही. घरच्या आजींनी स्क्रीनवर बघून विचारलंही, “बाकीची माणसं कुठायत रं?” ते म्हणाले, “अंधारात बसल्यात, आजी. तुमाला तरी कुठं दिसत होती?” मला हे उत्तर पूर्ण पटतं. गोंधळात देवीला बोलावणं दिवटीच्या साक्षीनं होतं. त्या उजेडात जेवढं दिसलं तेवढंच त्या रात्रीचं खरं चित्र. पाहुण्यांचे चेहरे संध्याकाळच्या ग्रुप फोटोत येतातच. अल्बममधली गोंधळाची पानं काळी राहू द्यावीत, आणि ती काळी ठेवू शकणाऱ्या हाताला लग्नाच्या फोटोंइतकेच पैसे द्यावेत.