पॉज की नेटवर्क?

‘‘अरे, हा पॉज घेतोय की हँग झालाय?’’

२०२०च्या जून-जुलैमध्ये आमच्या तालमीत हा प्रश्न रोज किमान दहा वेळा यायचा. आजही ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणाचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठला की मला हसू फुटतं. बॉस विचारतो, काय झालं? आता त्याला काय सांगणार, की एकेकाळी आम्ही अख्खी एकांकिका अशा गोठलेल्या चेहऱ्यांवर बसवत होतो!

पुण्यात कॉलेज केलं असेल तर ‘पुरुषोत्तम’ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पावसाळा सुरू झाला की लेक्चर्सना दांडी, रात्री उशिरापर्यंत तालीम, वडापावावर जेवण आणि शेवटी भरत नाट्य मंदिरात घसा फाटेपर्यंत ‘अरे आव्वाज कुणाचा!’. माझं शेवटचं वर्ष होतं. लेखक-दिग्दर्शक अस्मादिक. आता नाही तर कधीच नाही, अशी परिस्थिती. आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. हॉस्टेलं रिकामी झाली, टीम सांगली, नाशिक, लातूर, बीड अशी पांगली. आम्ही ठरवलं, ऑनलाइन बसवू. उघडलं की थेट स्टेजवर!

पहिला लोच्या झूमच्या फुकट अकाउंटचा. चाळीस मिनिटं झाली की कॉल कट. त्याला आम्ही ‘तिसरी घंटा’ म्हणायचो. ऐन रडण्याच्या सीनला ती व्हायची. पुन्हा लिंक, पुन्हा जॉइन, पुन्हा ‘ऐकू येतंय का?’. तोवर डोळ्यातलं पाणी वाळलेलं!

दुसरा लोच्या त्याहून मोठा. एकांकिकेत एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर बाप आणि त्याची मुलगी, दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. भांडणात माणसं एकमेकांच्या वाक्यावर चढतात. पण व्हिडिओ कॉलवर दोघं एकदम बोलले की अ‍ॅप एकाचाच आवाज पुढे सोडतं, दुसऱ्याचा दाबतं. मग मी वाक्यं सुटी केली. आधी तू, मग तू. झालं, बाप-लेकीच्या भांडणाची कोर्टातली उलटतपासणी झाली. ‘आव्वाज कुणाचा’ करून पाहिलं तर अकरा जणांतून एकाचाच आवाज आला आणि तोही अर्धा. ढोलकीवाल्याचा तर इगोच दुखावला. अ‍ॅपचा फंडा असा, की माणसाचं बोलणं ठेवायचं आणि बाकी सगळा गोंगाट समजून गाळायचं. ‘‘लहानपणापासून ढोलकी शिकतोय, आणि ह्याला हा गोंगाट वाटतो?’’ असं म्हणून तो दोन दिवस जॉइनच झाला नाही.

ब्लॉकिंग म्हणाल तर प्रत्येकानं गच्चीवर नाहीतर अंगणात खडूनं चौकोन आखलेला. मी म्हणायचो डावीकडे जा, तो जायचा, आणि मीच ओरडायचो, अरे डावीकडे! स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं, दुसऱ्याला ते सुलटं दिसतं, हे कळायलाच एक आठवडा गेला. समोरच्याच्या डोळ्यात बघायचं तर कॅमेऱ्यात बघावं लागतं आणि कॅमेऱ्यात बघितलं की समोरचा दिसत नाही. एकदा मुलीचं काम करणारी आमची नायिका हुंदके देत होती, तर तिची आजी धावत आली. ‘‘कोण गेलं गं?’’ त्या दिवसांत तो प्रश्न विनोदी नव्हता. आम्ही सगळे हसलो आणि मग गप्प झालो.

बापाचं काम करणारा मुलगा बीडकडच्या खेड्यातला. सॉलिड नट. पण ऑनलाइन आल्यापासून त्याचा व्हिडिओ कायम बंद. तिसऱ्या सीनमध्ये मुलगी विचारते, ‘बाबा, तुम्ही माझं तिकीट कधी काढलंच नाहीत ना?’ आणि बाप बराच वेळ गप्प राहतो. मग एकच शब्द बोलतो. तिथं आला की हा गप्प व्हायचा. काळा चौकोन, आवाज शून्य. तीन सेकंद, पाच सेकंद... मला वाटायचं गेली रेंज, आणि मी त्याचं वाक्य प्रॉम्प्ट करायचो. तो मुकाट्यानं ते म्हणायचा.

एकदा माझं टाळकंच सटकलं. ‘‘व्हिडिओ ऑन कर, नाहीतर काम सोड,’’ म्हणालो. सगळ्यांसमोर. पलीकडून काहीच नाही. मी म्हटलं, बघा, पुन्हा रेंज गेली. मग तो कॉलवरून गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याचं काम नाशिकच्या पोराला दिलं.

आठवड्यानं आमच्या नायिकेनं मला एकटीनं फोन केला. त्याच्या घरात स्मार्टफोन एकच. दिवसभर त्यावर धाकट्या बहिणीची दहावी. संध्याकाळी हा शेताच्या बांधावर जाऊन बसायचा, कारण रेंज तिथंच. दीड जीबीच्या पॅकमधलं जे उरलेलं असायचं त्यात व्हिडिओ कसा चालवणार? ‘‘आणि तिसऱ्या सीनमध्ये रेंज जायची नाही रे,’’ ती म्हणाली, ‘‘तो पॉज घ्यायचा.’’

मी त्याला फोन केला. सॉरी म्हणालो. ‘‘सोड रे,’’ म्हणाला. मग विचारलंन, ‘‘तो पॉज ठेवलायस ना?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. खरं तर स्क्रीनवर ती जागा मेल्यासारखी वाटते म्हणून मी ती कधीच कापली होती.

ऑगस्टमध्ये स्पर्धा झालीच नाही. ऑक्टोबरमध्ये घरी बसून पर्यायांवर क्लिक करत आम्ही ग्रॅज्युएट झालो. ५ नोव्हेंबरला थिएटरं निम्म्या खुर्च्यांवर उघडली, तेव्हा आमची टीम नोकऱ्या शोधत होती. ती एकांकिका कधीच उभी राहिली नाही.

तो आता चाकणला नोकरीला आहे. गेल्या गणपतीत घरी आला होता. मोदक खाता खाता म्हणाला, ती स्क्रिप्ट आहे का रे? लॉकडाऊनमधली ती एकच फाइल लॅपटॉपवर सापडली. त्यानं बसल्या बसल्या वाचायला घेतली, बापाची वाक्यं पुटपुटत. तिसऱ्या सीनला थांबला. वर गेला, पुन्हा खाली आला.

‘‘इथं पॉज होता.’’

मी काहीच बोललो नाही. बराच वेळ.

त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. ‘‘काय रे,’’ म्हणाला, ‘‘रेंज गेली का?’’